फ्रेंच रणगाडाविरोधी रॉकेट प्रक्षेपक

फ्रेंच रणगाडाविरोधी रॉकेट प्रक्षेपक ही फ्रान्समध्ये विकसित झालेली, पायदळातील एक किंवा दोन सैनिकांनी वाहून नेण्याजोगी व बहुतांशी खांद्यावरून डागली जाणारी शस्त्रे आहेत. रणगाडे, चिलखती वाहने व मजबूत खंदक नष्ट करणे हा त्यांचा मुख्य उपयोग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच पायदळाने प्रथम ७३ मिलिमीटर, नंतर ८९ मिलिमीटर व ११२ मिलिमीटर व्यासाची अमार्गदर्शित रॉकेटे वापरली. पुढे एरिक्ससारखी मार्गदर्शित क्षेपणास्त्रे त्यांच्या जोडीला आली. याच परंपरेतील, परंतु तिकाटण्यावरून डागले जाणारे मिलान हे फ्रेंच-जर्मन क्षेपणास्त्र भारतीय सैन्यात मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. महाराष्ट्रात अहिल्यानगर व पुणे येथील लष्करी प्रशिक्षण व संशोधन संस्थांचा या शस्त्रवर्गाशी निकटचा संबंध आहे.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात रणगाडा रणांगणावर आला तेव्हा त्याला थोपवण्याचे काम तोफखान्याकडे होते. तोफ जड असते व तिची जागा बदलण्यास वेळ लागतो. पायदळाच्या तुकडीसमोर अचानक रणगाडा आल्यास तिच्याजवळ परिणामकारक उपाय नसे. जाड चिलखत भेदण्यासाठी गोळ्याला मोठा वेग द्यावा लागे, त्यासाठी लांब नळी लागे आणि डागताना बसणारा धक्का माणसाच्या खांद्याला सोसणारा नसे.

दुसऱ्या महायुद्धात दोन गोष्टी एकत्र आल्याने ही अडचण दूर झाली. पहिली म्हणजे दोन्ही टोके उघडी असलेल्या नळीतून डागलेले रॉकेट. त्याचे ज्वलनवायू मागून बाहेर पडत असल्याने खांद्याला धक्का बसत नाही. दुसरी म्हणजे पोकळ आकाराचा स्फोटक भार. त्याची भेदनशक्ती गोळ्याच्या वेगावर अवलंबून नसते. १९४२ मध्ये अमेरिकेने आणलेला ६० मिलिमीटर व्यासाचा बझूका आणि जर्मनीचा ८८ मिलिमीटर व्यासाचा पांझरश्रेक ही या दोहोंच्या संयोगाची आरंभीची उदाहरणे होत.

भारतीय वाचकांना पायदळ विरुद्ध रणगाडा या सामन्याचे परिचित उदाहरण १९६५ च्या युद्धातील आहे. पंजाबमधील असल उत्तर परिसरात १० सप्टेंबर १९६५ रोजी कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर धक्कारहित तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उद्ध्वस्त केले व त्याच लढाईत ते हुतात्मा झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. त्यांची तोफ वाहनावर होती, तर रॉकेट प्रक्षेपकाने तशीच क्षमता पायी चालणाऱ्या सैनिकाच्या खांद्यावर आणली.

कार्यपद्धती

पोकळ स्फोटक भार

रॉकेटच्या टोकाशी असलेल्या स्फोटकात शंकूच्या आकाराची पोकळी असते व तिला आतून तांब्यासारख्या धातूचे पातळ अस्तर असते. लक्ष्यावर आदळताच स्फोटक मागच्या बाजूने पेट घेते आणि स्फोटाच्या दाबाने अस्तर पोकळीच्या अक्षावर चेपले जाते. त्यातून धातूची अतिशय वेगवान व बारीक धार तयार होते. ही धार चिलखत वितळवून आत शिरते हा एक रूढ गैरसमज आहे. प्रत्यक्षात तिच्या प्रचंड दाबापुढे पोलाद बाजूला सारले जाते.

अशा भाराची भेदनक्षमता मुख्यतः शंकूच्या व्यासावर अवलंबून असते. त्यामुळे रणगाड्यांचे चिलखत जसजसे सुधारत गेले तसतसा फ्रेंच रॉकेटांचा व्यासही वाढत गेला. स्फोट चिलखतापासून ठरावीक अंतरावर होणे आवश्यक असल्याने रॉकेटाचे नाक लांबट ठेवलेले असते.

मागील झोत

रॉकेटाचे वायू नळीच्या मागील टोकातून बाहेर पडतात. हा झोत मागे उभ्या असलेल्या माणसाला गंभीर भाजू शकतो किंवा ठार करू शकतो. बंद खोलीतून डागल्यास तो भिंतीवर आपटून परत फिरतो व डागणाऱ्यालाच इजा करतो. त्यामुळे डागण्यापूर्वी मागील जागा मोकळी असल्याची खात्री करणे हा अशा शस्त्रांच्या प्रशिक्षणातील पहिला नियम आहे. झोताने उडालेली धूळ शत्रूला डागणाऱ्याची जागा दाखवते, म्हणून एक रॉकेट सोडल्यावर जागा बदलावी लागते.

अंतर व वेळ

अमार्गदर्शित रॉकेट एकदा सुटल्यावर त्याची दिशा बदलता येत नाही. सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने जाणाऱ्या रॉकेटाला ३०० मीटर अंतर कापण्यास एका सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधीत ताशी ३६ किलोमीटर वेगाने आडवा जाणारा रणगाडा १० मीटरांहून अधिक पुढे सरकतो, म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षाही जास्त. सैनिकाला लक्ष्याच्या पुढे नेम धरावा लागतो आणि अंतर व वेग यांचा अंदाज चुकल्यास रॉकेट वाया जाते. याच कारणाने चालत्या रणगाड्यासाठी अशा शस्त्रांचा परिणामकारक पल्ला साधारण ३०० मीटर मानला जातो. स्थिर लक्ष्यासाठी तो अधिक असतो.

प्रमुख प्रकार

शस्त्र | व्यास | मार्गदर्शन | परिणामकारक पल्ला
एल.आर.ए.सी. एफ१ | ८९ मि.मी. | नाही | चालत्या लक्ष्यासाठी सुमारे ३०० मी.
आपिलास | ११२ मि.मी. | नाही | सुमारे ३०० मी.
एरिक्स | १३६ मि.मी. | तारेद्वारे | ५० ते ६०० मी.
मिलान | १०३ मि.मी.; नंतर ११५ मि.मी. | तारेद्वारे | सुमारे २,००० मी. पर्यंत

एल.आर.ए.सी. एफ१

'लांस-रोकेट आंतिशार' म्हणजे रणगाडाविरोधी रॉकेट प्रक्षेपक, या फ्रेंच शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. १९५० च्या नमुन्यातील ७३ मिलिमीटर प्रक्षेपकाची जागा त्याने घेतली. विकसित करणाऱ्या संस्थेच्या नावावरून त्याला 'स्ट्रिम' असेही म्हटले जाते. काचतंतू व राळ यांपासून बनवलेली त्याची नळी वजनाला हलकी असून रिकाम्या प्रक्षेपकाचे वजन सुमारे ५ किलोग्रॅम भरते.

त्याचे वैशिष्ट्य भरण्याच्या पद्धतीत आहे. रॉकेट स्वतःच्या डब्यातच असते. हा डबा नळीच्या मागील टोकाला जोडला की तोच नळीचा वाढीव भाग होतो. त्यामुळे वाहून नेताना प्रक्षेपक आखूड राहतो व डागताना पुरेसा लांब होतो. एक सैनिक नेम धरतो व दुसरा रॉकेट भरतो. रॉकेटाचे इंधन नळीतच पूर्ण जळत असल्याने डागणाऱ्याच्या चेहऱ्यावर ज्वाला येत नाहीत. सुमारे ४०० मिलिमीटर जाडीचे पोलादी चिलखत भेदण्याची क्षमता, हे शस्त्र सेवेत आले त्या काळी, पुरेशी होती. फ्रान्सखेरीज आफ्रिकेतील अनेक फ्रेंचभाषक देशांच्या सैन्यांनीही ते वापरले.

आपिलास

सोव्हिएत संघाच्या टी-६४ व टी-७२ या रणगाड्यांवर पोलाद व अन्य पदार्थांचे संमिश्र चिलखत आल्यावर ८९ मिलिमीटर रॉकेट समोरून निष्प्रभ ठरण्याची शक्यता निर्माण झाली. १९८० च्या दशकात तयार झालेले आपिलास हे त्यावरील उत्तर होते. ११२ मिलिमीटर व्यासाच्या या रॉकेटची भेदनक्षमता ७०० मिलिमीटरहून अधिक सांगितली जाते. नळी एकदाच वापरण्याची असून डागल्यावर ती टाकून दिली जाते.

ही ताकद फुकट मिळालेली नाही. शस्त्राचे वजन सुमारे ९ किलोग्रॅम असून डागतानाचा आवाज अत्यंत मोठा असतो. श्रवणसंरक्षणाशिवाय ते डागणे कानांना धोकादायक आहे. फ्रान्सबरोबरच फिनलंडनेही हे शस्त्र स्वीकारले.

एरिक्स

शहरातील लढाईत सैनिकाला खिडकीतून किंवा खोलीतून शस्त्र डागावे लागते आणि तेथे मागील झोत सर्वांत घातक ठरतो. एरिक्समध्ये यासाठी 'मृदू प्रक्षेपण' पद्धती वापरली आहे. क्षेपणास्त्र नळीतून सेकंदाला केवळ सुमारे १८ मीटर वेगाने बाहेर पडते व सैनिकापासून दूर गेल्यावर त्याचे मुख्य इंजिन पेटते. त्यामुळे ते बंद जागेतूनही डागता येते.

एरिक्स खांद्यावरून किंवा तिकाटण्यावरून डागतात. त्यामागून एक बारीक तार उलगडत जाते. सैनिकाने दुर्बिणीतील खूण लक्ष्यावर धरून ठेवायची असते व बाकीची दुरुस्ती यंत्रणा तारेवाटे करते. ६०० मीटर अंतर कापण्यास चार सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. त्याच्या अग्रभागात एकामागे एक असे दोन स्फोटक भार असतात. पहिला भार रणगाड्यावरील प्रतिस्फोटक चिलखताच्या विटा निकामी करतो व दुसरा मूळ चिलखत भेदतो. फ्रान्सखेरीज कॅनडा, नॉर्वे व मलेशिया या देशांनी ते वापरले.

अन्य शस्त्रे

फ्रेंच पायदळाने स्वीडिश बनावटीचे ८४ मिलिमीटर व्यासाचे एटी-४ हे एकदाच वापरण्याचे शस्त्रही घेतले. त्याच्या बंद जागेसाठीच्या आवृत्तीत मागील बाजूस मिठाचे पाणी भरलेले असते. डागताना ते मागे फेकले जाते व झोताचा वेग आणि उष्णता कमी होते. २०१७ पासून फ्रेंच सैन्याला मिळू लागलेले ४ किलोमीटर पल्ल्याचे आकेरॉन हे क्षेपणास्त्र 'डागा आणि विसरा' पद्धतीनेही वापरता येते. तेथे सैनिकाला लक्ष्यावर नजर खिळवून बसावे लागत नाही.

भारतातील वापर

एल.आर.ए.सी. किंवा आपिलास ही शस्त्रे भारतीय पायदळाची प्रमाण शस्त्रे झाली नाहीत. खांद्यावरील शस्त्र म्हणून भारताने १९७० च्या दशकात स्वीडनच्या कार्ल गुस्ताफ या ८४ मिलिमीटर धक्कारहित प्रक्षेपकाची निवड केली व त्याचे देशांतर्गत उत्पादनही सुरू केले. मार्गदर्शित क्षेपणास्त्रांच्या बाबतीत मात्र सुरुवात फ्रेंच तंत्रज्ञानानेच झाली. १९७० मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या भारत डायनॅमिक्स लिमिटेड या सार्वजनिक कंपनीचे पहिले उत्पादन एसएस-११ हे फ्रेंच रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र होते.

त्यानंतर मिलान आले. फ्रेंच भाषेत 'मिलान' म्हणजे घार, तसेच ते 'पायदळाचे हलके रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र' या अर्थाच्या फ्रेंच नावाचे लघुरूपही आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते फ्रेंच व जर्मन सैन्यांत दाखल झाले. भारतात त्याचे उत्पादन भारत डायनॅमिक्सने परवान्याखाली केले. १९९९ च्या कारगिल युद्धात मिलान क्षेपणास्त्रांचा उपयोग रणगाड्यांऐवजी उंच कड्यांवरील दगडी मोर्चे व खंदक फोडण्यासाठी झाला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सैन्यानेही ते अशाच कामासाठी वापरले होते. अचूक नेमाचे शस्त्र चिलखताइतकेच मोर्चाविरुद्धही उपयोगी पडते, हे या दोन्ही युद्धांत दिसून आले.

१९ मार्च २०२१ रोजी संरक्षण मंत्रालयाने भारत डायनॅमिक्सशी ४,९६० मिलान-२टी क्षेपणास्त्रांसाठी १,१८८ कोटी रुपयांचा करार केला. 'टी' हे अक्षर दुहेरी स्फोटक भार दर्शवते. या आवृत्तीचा पल्ला १,८५० मीटर आहे. करारातील आकड्यांनुसार एका क्षेपणास्त्रामागे सुमारे २४ लाख रुपये पडतात. साधी अमार्गदर्शित रॉकेटे आजही का टिकून आहेत, याचे एक कारण या किमतीत आहे.

महाराष्ट्राशी संबंध

महाराष्ट्राच्या भूमीवर फ्रेंच लष्करी पद्धतीचा प्रभाव नवा नाही. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेशी लढलेल्या दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी द बॉइन्य याने घालून दिलेल्या युरोपीय शिस्तीत तयार झालेल्या होत्या. द बॉइन्य सव्हॉय प्रांतातला असून त्याने आरंभी फ्रेंच सैन्यात नोकरी केली होती. त्याच्यानंतर पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याकडे या फौजेची सूत्रे आली. असईत शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची मोठी हानी केली, तरीही दिवसअखेर त्या तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. जड तोफा मागे घेता न आल्यास त्या शत्रूच्या होतात, ही जुनी अडचण होती. माणसाने उचलून नेण्याजोग्या आधुनिक शस्त्राला ती उरली नाही.

आधुनिक काळात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचे प्रमुख प्रशिक्षणस्थान आहे. तेथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल तसेच यांत्रिक पायदळाचे रेजिमेंटल सेंटर आहे. यांत्रिक पायदळाचे सैनिक रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे हाताळतात, तर चिलखती दलाचे सैनिक अशा क्षेपणास्त्रांपासून रणगाडा कसा वाचवावा हे शिकतात. एकाच शहरात या सामन्याच्या दोन्ही बाजूंचे शिक्षण दिले जाते. शहरातील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले असून सर्वसामान्यांना तेथे निरनिराळ्या देशांचे व काळांचे रणगाडे पाहता येतात.

शहराबाहेरील के. के. रेंज या सराव क्षेत्राचे नाव खारे कर्जुने या गावावरून पडले आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या (डीआरडीओ) स्वदेशी, वाहून नेण्याजोग्या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राच्या चाचण्या सप्टेंबर २०१८ मध्ये अहमदनगरच्या चाचणी क्षेत्रात झाल्या. मिलानची जागा भविष्यात अशा क्षेपणास्त्रांनी घ्यावी अशी अपेक्षा आहे. अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून डागल्या जाणाऱ्या लेझर-मार्गदर्शित क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी के. के. रेंज येथे २२ सप्टेंबर २०२० रोजी झाली. हे क्षेपणास्त्र पुणे येथील आयुध संशोधन व विकास आस्थापना (एआरडीई) आणि उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा (एचईएमआरएल) यांच्या सहभागातून विकसित झाले आहे.

सराव क्षेत्र व ग्रामस्थ

सराव क्षेत्राभोवती नगर, राहुरी व पारनेर या तालुक्यांतील शेतीची गावे आहेत. क्षेत्रीय गोळीबारासाठी अधिसूचित केलेल्या जमिनीचा वापर १९३८ च्या केंद्रीय अधिनियमानुसार होतो. त्यात सरावाच्या काळात लोकांना क्षेत्राबाहेर ठेवण्याची व झालेल्या नुकसानीची भरपाई देण्याची तरतूद आहे. सराव क्षेत्राच्या विस्ताराच्या शक्यतेवरून या गावांमध्ये वेळोवेळी चिंता व विरोध व्यक्त झाला आहे.

दुसरा प्रश्न न फुटलेल्या दारूगोळ्याचा आहे. पोकळ स्फोटक भार आदळल्यावर फुटला नाही तरी तो जिवंत असतो व हाताळल्यास फुटू शकतो. अस्तरातील तांबे व कवचातील इतर धातू यांना भंगारात किंमत मिळते. त्या मोहाने सराव क्षेत्रातील अवशेष गोळा करताना किंवा फोडताना माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. अशी वस्तू आढळल्यास तिला हात न लावता पोलीस किंवा लष्कराला कळवणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.

मर्यादा

मार्गदर्शित क्षेपणास्त्रांनी पल्ल्याची अडचण सोडवली, पण नवी अडचण निर्माण केली. मिलानला २,००० मीटर अंतर कापण्यास सुमारे १२ ते १३ सेकंद लागतात. तेवढा वेळ सैनिकाला जागेवर स्थिर राहून लक्ष्यावर नेम धरून ठेवावा लागतो. रणगाड्यातील सैनिकांनी प्रक्षेपणाची धूळ पाहिली तर ते त्याच अवधीत त्या दिशेने मारा करू शकतात किंवा धुराचा पडदा निर्माण करू शकतात. नेमधारी सैनिक दचकला तरी क्षेपणास्त्र भरकटते. अमार्गदर्शित रॉकेटात हा धोका नाही, कारण रॉकेट सुटताच सैनिक आडोशाला जाऊ शकतो. मात्र त्यासाठी त्याला आधी रणगाड्याच्या ३०० मीटर इतके जवळ जावे लागते.

याखेरीज रणगाड्याच्या सर्व बाजूंचे चिलखत सारखे नसते. समोरची बाजू सर्वांत जाड, तर बाजूचा, मागील व वरील भाग तुलनेने पातळ असतो. म्हणूनच प्रशिक्षणात समोरून मारा करण्यापेक्षा बाजूने किंवा मागून दबा धरण्यावर भर दिला जातो. अनेक नवीन क्षेपणास्त्रे वरून खाली येऊन रणगाड्याच्या माथ्यावर आदळतात. भेदनक्षमतेचे छापील आकडे साध्या पोलादासाठी असतात. संमिश्र किंवा प्रतिस्फोटक चिलखताविरुद्ध ते जसेच्या तसे लागू होत नाहीत.

खेळांतील चित्रण

शीतयुद्ध प्रत्यक्ष युद्धात बदलले असते तर काय झाले असते, या कल्पनेवर आधारित भूमिकानाट्य खेळांत अशी शस्त्रे आढळतात. अमेरिकेतील गेम डिझायनर्स वर्कशॉप या संस्थेने १९८४ मध्ये प्रकाशित केलेला 'ट्वायलाइट २०००' हा त्यांपैकी प्रसिद्ध खेळ आहे. अशा खेळांत प्रत्येक शस्त्राला वजन, पल्ला, भेदनक्षमता व पुन्हा भरण्यास लागणारा वेळ यांचे अंक दिलेले असतात व फाशांवरून निकाल ठरतो.

खेळाच्या नियमांत भेदनक्षमता सहज मोजता येते. मागील झोत, कान बधिर करणारा आवाज, उडणारी धूळ आणि नेम धरून बसलेल्या सैनिकाचे मनोधैर्य या गोष्टी मोजणे अवघड असते. त्यामुळे केवळ भेदनाच्या आकड्यावरून पाहिल्यास आपिलास हे एल.आर.ए.सी.पेक्षा निर्विवाद सरस वाटते. प्रत्यक्षात एकाच नळीतून अनेक रॉकेटे डागता येणारा जुना प्रक्षेपक मोर्चे व हलकी वाहने यांविरुद्ध अधिक सोयीचा ठरू शकतो. पायदळाच्या तुकडीने कोणते शस्त्र बरोबर न्यावे, हा प्रश्न तिला किती वजन किती अंतर वाहून न्यायचे आहे यावरही अवलंबून असतो.

हेही पाहा

रणगाडा
कार्ल गुस्ताफ प्रक्षेपक
नाग क्षेपणास्त्र
असईची लढाई
अहिल्यानगर रणगाडा संग्रहालय